हरभट रोडच्या गल्लीत रेकॉर्डचं दुकान: आधी काय बघायचं?

गावभागकर
सांगलीत हरभट रोडच्या आतल्या गल्लीत जुन्या वाड्याचा तळमजल्यावरचा १० बाय १२चा गाळा मिळतोय. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला घड्याळवाला, बाकी निम्मी शटरं बंद. माल: ३५० एलपी (प्लास्टिकच्या मोठ्या रेकॉर्ड), लाखेच्या १५० तबकड्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, म्हणून ‘७८’), ४ जुने प्लेअर. कागदपत्रं, रॅक आणि सफाई, तिन्हीबद्दल सांगा.

पेठकरी
गाळा देणारा मालक आहे की पागडीचा जुना भाडेकरू, हे पहिलं बघा. सिटी सर्व्हे ऑफिसातून मालमत्ता पत्रक काढा आणि त्यावरचं नाव त्याच्या नावाशी ताडा. भाडेकरू असेल तर मूळ मालकाची लेखी संमती नसताना एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका. वाद झाला की रस्त्यावर तुम्ही येता. लिव्ह अँड लायसन्स नोंदवूनच घ्या, कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे.

दहापेक्षा कमी कामगार असतील तर शॉप ॲक्टची ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीची मर्यादा मालासाठी वर्षाला ४० लाख, पण एखादी रेकॉर्ड बेळगावच्या गिऱ्हाईकाला पाठवायची म्हटली तरी नोंदणी आधी लागते. राज्याबाहेरच्या विक्रीला ती मर्यादा नाही. इथेच बरेच जण फसतात.

कृष्णाकाठ
रॅकआधी पाण्याचा विचार करा. २०१९च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ते घड्याळवाल्याला विचारा, खूण भिंतीवर अजून असेल. तेवढ्या उंचीवर रॅक करणं शक्य नाही, म्हणून माल पटकन हलला पाहिजे. कव्हरसकट एलपी साधारण पाव किलोची. एका क्रेटमध्ये ४० ठेवल्या तर १० किलो, म्हणजे एकटा माणूस जिना चढवू शकतो. असे ९ क्रेट झाले की सगळ्या एलपी बसल्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की हलवायला लागा, धोक्याच्या ४५ची वाट बघू नका. वरच्या मजल्यावरची जागा वापरायची परवानगी करारातच लिहून घ्या.

रॅकला १८ मिमी प्लाय घ्या, खोली आणि उंची १३ इंच, दर फुटाला मध्ये उभी फळी. चाळून बघता यावं म्हणून फुटाला ६०च ठेवा, गच्च भरलं की कव्हरच्या कडा फाटतात. आडव्या थप्प्या नकोत, खालच्या वाकतात. भिंतीपासून दोन इंच सोडा, जुन्या वाड्याच्या भिंती ओल धरतात.

लाखेची तबकडी
स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लाखेच्या तबकडीला लावायचंच नाही, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने गोल. लेबल कोरडं ठेवा. नळाचं पाणी शेवटी वापरलं तर क्षार खाचेत बसतात आणि रेकॉर्ड कडकडते. पुरात भिजलेल्या एलपीतला गाळ धुतल्याशिवाय सुई टेकवू नका, तो पॉलिश पेपरसारखा खाच घासतो.

सुईही वेगळी. ७८ला साधारण ७५ मायक्रॉनची, एलपीला १८ची. एलपीची सुई ७८च्या खाचेत तळाशी लोळते, नुसती खरखर येते.

गावभागकर
चारपैकी एका प्लेअरची थाळी नीट फिरते, पण आवाज फार बारीक येतो. ॲम्प्लिफायर गेला का?

लाखेची तबकडी
बहुतेक नाही. आवाज पूर्ण ठेवून कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या डबीच्या) मागच्या टोकांना बोट लावा. मोठा गुणगुणाट आला तर ॲम्प्लिफायर ठीक, कार्ट्रिज गेलं. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमधला रोशेल मिठाचा स्फटिक दमट हवेत विरघळतो, तो दुरुस्त होत नाही. सिरॅमिक कार्ट्रिज बसवा, पालथी होणारी दुहेरी सुई असलेलं मिळालं तर ७८ आणि एलपी दोन्ही त्याच प्लेअरवर वाजतील. वेग डळमळत असेल तर थाळी फिरवणारं रबरी चाक बघा, कडक झालेलं असतं.

नुसत्या रेकॉर्डवर भाडं निघणं अवघड आहे. सुई, बेल्ट, रबरी चाक बदलून द्यायचं काम ठेवाच, आणि मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्यांकडे दुकानाचं कार्ड ठेवा. जुनं गाणं ऐकणारं गिऱ्हाईक तिथे येतंच.