बायपासनंतर घरी: उठवताना हात कुठे द्यायचा?

अनामिका: यजमान बायपास होऊन घरी आलेत. अंथरुणातून उठताना छातीत कळ येते, म्हणून मी दंडाला धरून उठवते. हे बरोबर आहे का? आणि रोज नेमकं कशावर लक्ष ठेवायचं?

फिजिओ_ताई: दंडाला किंवा काखेत धरून ओढू नका. छातीचं हाड मधोमध कापून तारांनी बांधलेलं असतं. हात ओढला की छातीचे स्नायू त्या सांध्यावर ताण देतात. हाड भरायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात.

गुडघे दुमडून, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर होऊ दे. मग पाय पलंगाखाली सोडले की त्यांच्या वजनाने धड उचलायला मदत होते. तुमचा तळहात खालच्या खांद्यामागे, पाठीवर हवा. बसल्यावर मिनिटभर थांबा, लगेच उभं राहिलं तर भोवळ येते. खोकताना उशी छातीशी घट्ट कवटाळायची. दुखतं म्हणून खोकला दाबला तर कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती असते.

रोजची_नोंद: सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. एका दिवसात किलो-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढलं, तर ते बहुधा अंगात साठलेलं पाणी. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, जखमेतून पू, हालताना हाड कटकन वाजणं, अनियमित धडधड, यासाठीही तसंच. बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर त्या पायाला थोडी सूज असते. बसताना पाय उंच ठेवा. पोटरी दुखून कडक झाली तर मात्र लगेच दाखवा. बसल्याजागी धाप, छाती आवळणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं: थेट ॲम्ब्युलन्स.

अनामिका: चिडचिड फार होते त्यांची. मी सगळं हातात देते, तरी.

फिजिओ_ताई: सगळं हातात देऊ नका! दाढी, कपडे त्यांचं त्यांना करू दे, वेळ लागला तरी. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा चालवा आणि हळूहळू वाढवा. चालताना सलग बोलता आलं पाहिजे. चिडचिड, रडू येणं, झोपमोड सुरुवातीला बरेचदा होते. दोन आठवड्यांनंतरही उदासी हटली नाही तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. वेदनाशामक गोळ्यांनी शौचाला कडक होतं का तेही विचारा, कुंथणं अजिबात नको.