मदत हवी आहे: हेल्थ एज्युकेटर व्हायचंय, दोनपैकी कोणता एम.पी.एच. घेऊ?

निळी_छत्री:
अमेरिकेत एम.पी.एच.ला (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एकीकडे एपिडेमिऑलॉजी (रोगप्रसाराचं शास्त्र), दुसरीकडे कम्युनिटी हेल्थ. पहिलं विद्यापीठ नावाजलेलं, त्यामुळे घरचे त्याच्याच बाजूने. मला पुढे चेस, म्हणजे सर्टिफाइड हेल्थ एज्युकेशन स्पेशालिस्टची परीक्षा द्यायची आहे. एम.पी.एच. झालं की बसता येतंच ना? शुक्रवारी डिपॉझिट भरायचंय, प्लीज लवकर सांगा.

मुक्काम_ह्यूस्टन:
राज्य कोणतं? व्हिसा कोणता? आधीची पदवी कसली? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

गावकूस:
डोळे झाकून एपिडेमिऑलॉजी घ्या. सॅस, आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअर शिकाल, नोकरीसाठी दहा दारं उघडी. हेल्थ एज्युकेशनमध्ये पगार कमी.

पाटीपेन्सिल:
गावकूस, पगाराचं त्यांनी विचारलेलंच नाही.
निळी_छत्री, "बसता येतंच ना" याचं उत्तर नाही असं आहे. एकतर ट्रान्सक्रिप्टवर तुमचा मुख्य विषय हेल्थ एज्युकेशन असा छापलेला हवा, नाहीतर हेल्थ एज्युकेशनच्या आठ जबाबदाऱ्यांत बसणारे किमान 25 सेमिस्टर क्रेडिट हवेत, तेही प्रत्येक विषयात सी किंवा वरची श्रेणी मिळवून. त्या आठ म्हणजे गरजांची पाहणी, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन व संशोधन, आरोग्याच्या प्रश्नांची बाजू मांडणं (अ‍ॅडव्होकसी), संवाद, नेतृत्व व व्यवस्थापन, नीतिमत्ता.
आता हिशोब करा. मान्यताप्राप्त एम.पी.एच. किमान 42 क्रेडिटचा असतो. एपिडेमिऑलॉजीत त्यातला मोठा वाटा बायोस्टॅट (जीवसांख्यिकी), स्टडी डिझाइन आणि डेटा विश्लेषणात जातो. शिवाय विषय तीन-तीन क्रेडिटचे. आठ विषय केले तरी 24 होतात, एका क्रेडिटने अडकता. म्हणजे नऊ विषय लागणार, आणि तेवढे निवडीचे विषय त्या अभ्यासक्रमात सहसा नसतात.

निळी_छत्री:
टेक्सास, एच-4 (एच-1बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा). बीएचएमएस केलंय. त्यातलं कम्युनिटी मेडिसिन धरतील ना? साडेपाच वर्षं घातलीत हो त्यात.

पाटीपेन्सिल:
आधी परदेशी ट्रान्सक्रिप्टचं विषयवार मूल्यांकन करून द्यावं लागतं. शरीररचना, शरीरक्रिया, मटेरिया मेडिका (औषधांचे गुणधर्म) या 25 मध्ये येत नाहीत. कम्युनिटी मेडिसिनमध्ये लसीकरण, पाणीपुरवठा, साथरोग असं असतं. परीक्षा मंडळ बघतं ते कार्यक्रम आखणं, राबवणं, मोजणं. विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम जोडून विचारा, पण सगळं गणित त्यावर उभं करू नका.

आजोळ:
मूल्यांकनात नावाचं जपा. पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर फाइल तिथेच थांबते. लग्नाचं प्रमाणपत्र आधीच जोडा. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम गुणपत्रिकेवर आणि पदवीवर वेगळा असेल तर तेही पत्रात लिहा.

मुक्काम_ह्यूस्टन:
एवढा खटाटोप कशाला? टेक्सासमध्ये कम्युनिटी हेल्थ वर्करचं प्रमाणपत्र राज्याकडून मान्य 160 तासांच्या कोर्सवर मिळतं. ते करा, लोकांमध्ये थेट कामाला लागा.

पाटीपेन्सिल:
ती भूमिका वेगळी आहे. कम्युनिटी हेल्थ वर्कर दारोदारी जाऊन लोकांना दवाखान्याशी जोडून देतो. स्पेशालिस्ट कार्यक्रमच बांधतो आणि त्याचा परिणाम झाला का ते मोजतो. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

मुक्काम_ह्यूस्टन:
चालत नाही हे मान्य. पण आराखडा आखणारा एकदाही कुणाच्या दारात गेला नसेल तर ते कार्यक्रम कागदावरच राहतात, हेही तेवढंच खरं. दोन्ही जमत असेल तर दोन्ही करा.

वाटीभर:
याच्याशी पूर्ण सहमत, एक नमुना देते. मधुमेहाच्या पत्रकात "एक कप भात" असं छापतात. अमेरिकेतला कप साधारण 240 मिलीलीटरचा. आपल्या घरी भात वाटीने किंवा मुदीने वाढतात, आणि प्रत्येक घरची वाटी वेगळी. वाचणारी बाई चहाच्या कपाने मोजणार, नाहीतर पत्रक बाजूला ठेवणार. त्यापेक्षा वाटीचा फोटो द्या, शेजारी मूठ ठेवा. मग पाच-सहा जणींना पत्रक दाखवून "तुम्ही आज किती भात घ्याल ते ताटात वाढून दाखवा" असं सांगा. "समजलं का?" विचाराल तर सगळ्या हो म्हणतात. मजकूर पाचवी-सहावीच्या वाचनापुरता ठेवा. कोर्समध्ये असं पूर्वपरीक्षण करून घेतात का, हे दोन्ही विद्यापीठांना विचारा.

गावकूस:
एच-4 वर इंटर्नशिप जमते का? एम.पी.एच.मध्ये प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष कामाचा अनुभव) सक्तीचं असतं.

पाटीपेन्सिल:
चांगला मुद्दा. एच-4 वर पूर्णवेळ किंवा अर्धवेळ शिकता येतं, पण वर्क परमिट नसेल तर पगारी काम नाही. ते परमिट बहुतेक वेळा जोडीदाराचा आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तरच मिळतं. विनापगारी प्रॅक्टिकम क्रेडिटसाठी असलं तरी जागा ठरवण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी लेखी बोला. एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर गेलात तर सीपीटीने (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कामाची परवानगी) पगारी प्रॅक्टिकम जमू शकतं, मात्र मग पूर्णवेळच शिकावं लागतं. प्रॅक्टिकममधून किमान दोन प्रत्यक्ष कामं द्यावी लागतात, उदाहरणार्थ गरजांच्या पाहणीचा अहवाल आणि मूल्यमापनाचा आराखडा. ती चेसच्या तयारीलाही उपयोगी पडतात.

कोल्हापूरहून:
भारतात असं काही आहे का?

आजोळ:
आरोग्यप्रसार शिक्षणाची एक वर्षाची पदविका आहे. मुंबईचं पूर्वीचं कुटुंब कल्याण प्रशिक्षण व संशोधन केंद्र (आता नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ ट्रेनिंग अँड रिसर्च), तमिळनाडूतलं गांधीग्राम. यंदाची तुकडी सुरू आहे का ते फोन करून विचारा. पण इथे तो विषय नको, वेगळा धागा काढा.

निळी_छत्री:
मग कम्युनिटी हेल्थ घेतलं तर 25 पक्के?

पाटीपेन्सिल:
पक्के नाहीत. नावात कम्युनिटी असलं तरी विषय बघावे लागतात. आज तिथल्या सल्लागाराला ईमेल टाका: "आठ जबाबदाऱ्यांत बसणाऱ्या विषयांची यादी आणि प्रत्येकाचे क्रेडिट पाठवा, मागच्या वर्षी तुमच्या विद्यार्थ्यांनी चेस दिली का?" यादी 27 पर्यंत जात असेल तर निर्धास्त व्हा. परीक्षा एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होते, 165 प्रश्न, तीन तास, त्यातले 150 च गुणांना धरतात. पदवीच्या आधी 90 दिवसांतही बसता येतं, त्यामुळे शेवटच्या सत्राचा अर्ज त्या हिशोबाने भरा.

निळी_छत्री:
ईमेल पाठवला. एपिडेमिऑलॉजीवाल्यांनाही तोच पाठवला.

आजोळ:
आणि नावाचं?

निळी_छत्री:
पदवीवर माहेरचंच आहे. लग्नाचं प्रमाणपत्र नाशिकच्या घरी आहे, आईला आज स्कॅन करायला सांगते.