गर्भपाताच्या गोळीला 'पाळी आणायची गोळी' म्हणू नका

ठाणेकरीण: सोसायटीच्या ग्रुपवर एकीने लिहिलंय, "दिवस गेले तर किट घ्या, पाळी येऊन जाते, डॉक्टर नुसते लुटतात." राहवलं नाही म्हणून लिहितेय. त्या किटमध्ये गर्भपाताच्या गोळ्या असतात. पहिली गोळी मिफेप्रिस्टोन. ती गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाला अडवते. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल, त्याने पिशवी आकुंचन पावते आणि गर्भ पडतो. पण गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही. माझ्या चुलत बहिणीला रक्तस्राव झाला, सगळ्यांना वाटलं सुटली. पुढच्या आठवड्यात ओट्यापाशी भाजी चिरताना कोसळली. नळी फुटली होती. आधी सोनोग्राफी कोणी केलीच नव्हती.

ऐरोलीची अनघा: बहिणीचं ऐकून वाईट वाटलं, पण म्हणून बायकांना घाबरवू नका. नऊ आठवड्यांच्या आत, डॉक्टरांना दाखवून घेतली तर शंभरात पंचाण्णवच्या आसपास बायकांची पिशवी साफ करावी लागत नाही. मी घेतलीय. कळा आल्या, हुडहुडी भरली, गाठी पडल्या, मग उतार पडला. त्रास झाला तो दवाखान्यात: "मिस्टरांची सही आणा." कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते! असं वागवल्यावर बायका ग्रुपवरच विचारणार ना?

कोपरीचा औषधवाला: आणि किट मागायला आमच्याकडे येतात. मी ठेवतच नाही. २०१२ मध्ये बीडला लिंगनिदान करून मुलींचे गर्भ पाडल्याचं प्रकरण उघडकीस आलं, त्यानंतर तपासण्या वाढल्या. एका किटचा हिशोब चुकला तर परवान्यावर गदा.

अनघा: लिंगनिदानाची भीती ना? नऊ आठवड्यांपर्यंत सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळतच नाही! मग या गोळीवर राग कशाला? हातात चिठ्ठी असून वाशीत दुकानं पालथी घातली मी. "आमच्याकडे असलं काही मिळत नाही," तेही चारचौघांत.

औषधवाला: माझ्यावर कशाला ओरडता? नोटीस मला येते, तुम्हाला नाही. विनाचिठ्ठी मागणारेच जास्त येतात, त्यांचं काय?

अनघा: त्यांच्यापायी चिठ्ठीवालीलाही हाकलायचं?

औषधवाला: चिठ्ठीवालीला तरी गोळी मिळायला हवी, एवढं मानतो. पण आधी आम्हाला त्रास देणं थांबवायला सांगा.

ठाणेकरीण: सहीचं अनघाचं बरोबर, ठीक आहे. पण ग्रुपवरच्या त्या बाईने विचारलं का कोणाला, की रक्तगट निगेटिव्ह आहे का, तांबी बसवलीय का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? तासाला दोन पॅड भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर तेव्हा ग्रुपवर विचारत बसायचं नसतं, तडक दवाखाना गाठायचा असतो. ती पोस्ट अजून तशीच आहे. ॲडमिननी आज काढावी.