करिअर ब्रेक, गॅप की सॅबॅटिकल? कुठला शब्द कुठे वापरायचा?

वारज्याची_आई:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. सहा वर्षं घरी होते, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि मुलगी लहान, त्यामुळे सॉफ्टवेअर टेस्टिंगचा जॉब सोडला तो सोडलाच. आता परत सुरू करायचंय. परवा हिंजवडीला एका कंपनीत इंटरव्ह्यू होता, तिथे मी सॅबॅटिकलवर होते असं सांगितलं तर समोरच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मग जुन्या कंपनीत परत का नाही गेलात? मला काही सुचेचना. घरी येऊन डिक्शनरी काढली तर ब्रेक, गॅप, पॉज, हायेटस, रिसेस, डिले, सगळ्यांचा अर्थ फिरून फिरून थांबणंच. माझं दहावीपर्यंत मराठी मिडियम, डोक्यात सगळ्याला ब्रेकच येतं. रेझ्युमेत काय लिहू?

शिकवणीवाली:
ताई, मॅडम तशा का बोलल्या ते सांगते. सॅबॅटिकल हा शब्द मूळचा ज्यूंच्या सातव्या वर्षाचा, सहा वर्षं शेत कसायचं आणि सातव्या वर्षी पड ठेवायचं. पड ठेवलेलं शेत आपलंच असतं ना? तसंच सॅबॅटिकलमध्ये नोकरी तुमचीच राहते, प्रोफेसर लोक रिसर्चला जातात आणि परत त्याच खुर्चीत येऊन बसतात. तुम्ही राजीनामा दिला होता, म्हणून तो शब्द नको. हायेटस पण नको, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आ वासलेली फट, सिरियल मधेच बंद पडून परत येते तेव्हा तो शोभतो. गॅप आणि ब्रेक यात मात्र नीट बघा, गॅप समोरचा मोजतो, दोन तारखांच्या मधली रिकामी जागा. ब्रेक आपण घेतलेला असतो, त्यामागे कारण असतं. लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेक म्हणून वेगळी नोंद करता येते आणि त्यात घरच्यांची काळजी घेणं हे कारणही निवडता येतं, ते नक्की भरा.

कर्जतमार्गे:
शिकवणीवाल्या ताईंना अनुमोदन. मी बरीच वर्षं पुणे-मुंबई पासवर काढली त्यामुळे माझी उदाहरणं गाडीचीच. मुंबईहून येताना कर्जतला गाडी थांबते, मागून ढकलायला जादा, बँकर इंजिनं लागतात कारण पुढे घाटात १:३७ चा चढ आहे. त्याला हॉल्ट म्हणायचं. हॉल्ट टाइमटेबलात छापलेला असतो, डिले कोणी छापत नाही, डिले म्हणजे आपला खोळंबा. तुमचं थांबणं डिले नाही, कुणाचं काही रखडलं नव्हतं. आणि एक, आपण गाडीचा ब्रेक आणि सुट्टीचा ब्रेक सारखाच लिहितो पण इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, आणि दोन्ही शब्द खरे असल्यामुळे कॉम्प्युटर बऱ्याचदा लाल रेघ पण मारत नाही. रेझ्युमे पाठवायच्या आधी तेवढं एकदा बघाच.

शिवाजीनगर_कोर्ट:
आमच्याकडे हे शब्द रोजचे. जेवायच्या वेळेला रिसेस, तारीख पुढे गेली की अ‍ॅडजर्न, आणि वरच्या कोर्टाने आदेश रोखून धरला की स्टे म्हणजे स्थगिती. अ‍ॅडजर्नमध्ये काम पुढच्या तारखेला जातं, स्टेमध्ये जागच्या जागी गोठतं. दिवाणी कायद्यात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तारखा देऊ नयेत असं लिहिलंय, पण पक्षकार येऊन विचारतात दादा स्टे मिळाला का आणि त्यांना मिळालेली असते नुसती तारीख, समजावताना जीव तुटतो. असाच घोळ २०२० मध्ये मोरेटोरियमचा झाला. आधी मार्च ते मे आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत कर्जाचा हप्ता न भरायची मुभा होती, व्याज चालूच होतं. आमच्या सोसायटीत काहींनी माफी समजून हप्ते थांबवले आणि नंतर स्टेटमेंट बघून हादरले. शब्द नीट कळला असता तर ज्यांना झेपत होतं त्यांनी भरले असते हो.

उघडीप:
मी मूळची भोरची, भातवाली. ताई, तुम्ही ब्रेकच लिहा. जुलै-ऑगस्टमध्ये मान्सूनची आस, म्हणजे कमी दाबाचा पट्टा, वर हिमालयाच्या पायथ्याशी सरकते आणि आपल्याकडे पाऊस थांबतो, त्याला हवामानवाले ब्रेक मान्सूनच म्हणतात, मराठी बातम्यांत पावसाचा खंड. पाऊस संपला असं तेव्हा कोणी म्हणत नाही, आमच्याकडे त्या उघडिपीत बेणणी, म्हणजे भातातलं तण काढणं, उरकून घेतात.

वारज्याची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. रेझ्युमेत लिहिलं, करिअर ब्रेक, सहा वर्षं, घरातल्या आजारी माणसाची पूर्णवेळ देखभाल. त्याखाली गेल्या वर्षी केलेला ऑटोमेशन टेस्टिंगचा कोर्स टाकला. स्पेलिंग मुलीकडून दोनदा तपासून घेतलं. शुक्रवारी बाणेरला इंटरव्ह्यू आहे, मूळचा त्यापुढच्या सोमवारी होता, त्यांनी प्रीपोन केलाय. हा शब्द चालतो ना?

शिकवणीवाली:
भारतात बिनधास्त वापरा, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे. परदेशातलं कोणी कॉलवर असेल तर मात्र ब्रॉट फॉरवर्ड म्हणा, तिकडे प्रीपोन बऱ्याच जणांना कळत नाही. शुक्रवारी काय झालं ते इथे कळवा.