वाडीवर बचत गटाचं वायफाय: परवाना लागतो का?

वाडीकर: जव्हारकडच्या गावात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलंय. तिथून ३ किमीवरच्या वाडीत साठेक घरं आहेत आणि मोबाइलला रेंज अजिबात नाही. बचत गटाने जोडणी घेऊन ती वायरलेसने वाडीवर न्यायची आणि घरटी थोडे पैसे घ्यायचे, असा विचार चाललाय. हे कायद्यात बसतं का? सामान काय लागेल? सरकारी निधी मिळेल का?

दूरसंचारवाला: घरगुती प्लॅन घेऊन परस्पर विकता येत नाही, त्याला आयएसपी (इंटरनेट सेवा पुरवठादार) परवाना लागतो. तुमच्यासाठी पीएम-वाणीचा, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक वायफाय योजनेचा, रस्ता बरा. मंत्रिमंडळाने ही योजना डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केली. यात गट पीडीओ, म्हणजे वायफाय पुरवणारं छोटं केंद्र, होतो. पीडीओला परवाना नाही, दूरसंचार विभागाकडे नोंदणी नाही, शुल्कही नाही. विभागाकडे नोंदणी असते ती पीडीओएची, म्हणजे अनेक पीडीओंना एकत्र चालवणाऱ्या कंपनीची. ग्राहकाची ओळख, हिशेब आणि वर्षभराच्या नोंदी तोच सांभाळतो.

पूर्वी पीडीओला महागडी लीज्ड लाइन (भाड्याची स्वतंत्र व्यावसायिक जोडणी) गळ्यात मारली जायची. जून २०२५ च्या ट्रायच्या (दूरसंचार नियामक) आदेशानुसार २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओला द्यावे लागतात, आणि दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावता येत नाही. जोडणीच्या अर्जाला या आदेशाची प्रत जोडा.

एक अडचण आधीच लक्षात घ्या. पीएम-वाणीच्या अ‍ॅपमध्ये पहिल्यांदा शिरताना ओटीपी लागतो आणि वाडीत एसएमएस पोचणार नाही. सगळ्यांची नोंदणी बाजाराच्या दिवशी तालुक्याला करून घ्या. ओटीपी पुन्हा किती दिवसांनी मागितला जातो, हे करार करण्याआधी पीडीओएला विचारा. दर आठवड्याला मागणारा असेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

टॉवरवरचा: पंचायत ते वाडी या वायरलेस लिंकबद्दल. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ पट्टा २०१८ पासून परवानामुक्त आहे, पण एकूण प्रक्षेपण ३६ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आत ठेवायचं. दोन्ही टोकांना २३ डीबीआयच्या (डिश सिग्नल किती एकवटते त्याचं माप) डिश लावा आणि रेडिओची पॉवर १३ डीबीएमवर ठेवा. ३ किमीला साधारण ११७ डीबी घट होते, म्हणजे पलीकडे -५८ डीबीएमच्या आसपास सिग्नल यायला हवा. -७० दिसला तर डिश नीट रोखलेली नाही किंवा मध्ये काहीतरी आहे.

पलीकडची डिश नुसती दिसते, एवढं पुरत नाही. मधोमध सरळ रेषेच्या खाली किमान पावणेचार मीटर मोकळं हवं. एप्रिलमध्ये लावलेली लिंक जुलैत बंद पडते ती बहुतेक सागामुळे. उन्हाळ्यात साग उघडा असतो, पावसाळ्यात पानं फुटली की भिंत उभी राहते. लोक पावसाला दोष देतात, पण या फ्रीक्वेन्सीला ३ किमीवर पावसाचा फरक नगण्य. खांबाची उंची सागाच्या शेंड्यावरून ठरवा.

वाडीच्या टोकाला रेडिओ, राउटर आणि दोन अ‍ॅक्सेस पॉइंट (घरांना वायफाय देणारी यंत्रं) मिळून २० वॅट धरा, म्हणजे दिवसाला ४८० वॅट-तास. १२ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी अर्धीच वापरायची, तर जेमतेम सव्वा दिवस निघतो. पावसाळ्यात ऊन दोन तासांपुरतंच धरून ३५० वॅटचं पॅनेल घ्या. १०० वॅटवर भागवलेल्या जोडण्या आषाढात बंद पडतात.

२४ व्होल्ट पॅसिव्ह पीओईचा (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारा) रेडिओ ४८ व्होल्टच्या इंजेक्टरला लावू नका, जळतो. केबल शील्ड असलेली बाहेरची कॅट-६ आणि खांबाला वेगळं अर्थिंग, ही दोन्ही हवीतच. आणि पंचायतीतला ओएनटी (फायबर जिथे येतो तो डबा) कार्यालयाच्या मेन स्विचवर ठेवू नका. संध्याकाळी शिपाई मेन पाडून घरी जातो आणि ऐन गर्दीच्या वेळी अख्खी वाडी बंद.

दूरसंचारवाला: निधीचं राहिलं. दूरसंचार कंपन्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के सार्वत्रिक सेवेसाठी भरतात. तोच पैसा आता डिजिटल भारत निधी. पण तो निवडलेल्या अंमलबजावणी संस्थांमार्फत खर्च होतो, आणि साठ घरांच्या गटाला निविदेत उतरणं जमणारं नाही. २०१८ च्या धोरणात २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं लक्ष्य होतं. २०२४ च्या अखेरीस पीएम-वाणीचे हॉटस्पॉट दोन ते अडीच लाखांच्या दरम्यान होते. खांब, बॅटरी आणि पहिल्या वर्षाचं भाडं यासाठी छोट्या गटांना थेट अनुदान मिळाल्याशिवाय हा आकडा अशा वाड्यांपर्यंत सरकणार नाही. ट्रायच्या सल्लामसलतीत लेखी सूचना कुणालाही पाठवता येते, गटाच्या नावाने जरूर पाठवा.

वाडीकर: सागाचं कुणीच सांगितलं नव्हतं. मध्ये सागाचंच रान आहे. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर मधला टप्पा घेतला तर चालेल?

टॉवरवरचा: चालेल. दोन लिंकना वेगळे चॅनेल द्या, डिश एकमेकींपासून मीटरभर दूर ठेवा, आणि टाकीवरच्या सौरचा हिशेब वेगळा धरा.