मदत हवी आहे: रॅन्समवेअरमुळे आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग उघडत नाही

नमस्कार मंडळी. काल दुपारपासून काही सुचत नाहीये. संगणकातलं कळणाऱ्यांनी कृपया वाचा आणि लवकर सांगा.

आमच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. भाच्याने व्हिडिओ एडिटिंगचं एक सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं आणून टाकलं आणि त्यासाठी अँटीव्हायरस बंद केला. थोड्या वेळाने विंडोज अपडेट होतंय अशी खिडकी आली, टक्के पुढे सरकत होते, म्हणून कुणी हात लावला नाही. ती गेली तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचं एक नवं शेपूट लागलं होतं. फोटो उघडेनात, वर्डच्या फाइली उघडेनात. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची चिठ्ठी. फाइली परत हव्या असतील तर ९८० डॉलर, ७२ तासांच्या आत संपर्क केला तर ४९०.

फोटो बरेचसे फोनमध्ये आणि गूगलवर आहेत. जीव अडकलाय तो आजीच्या ओव्यांत. २०१६ च्या दिवाळीत तिला पडवीत जात्यावर बसवून मी ४१ ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. पुढच्या वर्षी ती गेली. रेकॉर्डरचं कार्ड नंतर दहादा वापरलंय. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती नेमकी त्या दुपारी लॅपटॉपलाच जोडलेली होती. तिच्यातल्या फाइलींनाही तेच शेपूट.

घरचे म्हणतात, ४९० डॉलर भर आणि मोकळी हो. भाचा कालपासून जेवलेला नाही. पैसे भरावेत का? दुकानवाला म्हणतो फॉरमॅट करून देतो. करू का?

प्रतिसाद

ताई, पैसे भरू नका आणि फॉरमॅट तर अजिबात करू नका. आधी वायफाय बंद करा, हार्ड डिस्क काढून ठेवा. तुम्ही सांगताय ती सगळी लक्षणं 'स्टॉप-डीजेव्हीयू' या रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या घराण्याची आहेत. घरगुती संगणकांवर बरीच वर्षं हेच जास्त दिसत आलंय आणि येतं ते बहुतेक क्रॅकमधूनच. पैसे भरल्यावर किल्ली मिळेलच याची कुणी हमी देत नाही, आणि मिळाली नाही तर तक्रार करणार कुणाकडे?

आता सी ड्राइव्हमध्ये 'सिस्टिमआयडी' नावाचं फोल्डर शोधा. आत 'पर्सनलआयडी' नावाची टेक्स्ट फाइल असेल. तिच्यातल्या ओळीच्या शेवटी 'टी१' आहे का बघा. त्या वेळी हल्लेखोरांचा सर्व्हर लागला नसेल तर हे रॅन्समवेअर स्वतःजवळची ठरलेली किल्ली वापरतं आणि अशा आयडीच्या शेवटी टी१ असतं. तसं असेल तर एम्सिसॉफ्ट कंपनीचं मोफत डिक्रिप्टर (असं कुलूप उघडणारं सॉफ्टवेअर) कदाचित चालेल. सर्व्हर लागला असेल तर प्रत्येक संगणकाची किल्ली वेगळी, मग डिक्रिप्टर हतबल होतं.

डिक्रिप्टर घ्याल ते एम्सिसॉफ्टच्या किंवा 'नो मोअर रॅन्सम'च्या साइटवरूनच. ही दुसरी साइट डच पोलीस आणि युरोपीय पोलीस संस्था युरोपोल यांनी सुरक्षा कंपन्यांना सोबत घेऊन २०१६ मध्ये सुरू केली. यूट्यूबवरच्या लिंका उघडू नका. २०२० मध्ये याच रॅन्समवेअरचं खोटं डिक्रिप्टर फिरत होतं, ते कुलूपबंद फाइलींना वरून आणखी एक कुलूप लावायचं.

धागाकर्ती

दादा, आयडी बघितला. शेवटी टी१ नाही. तुम्ही सांगितलेल्या साइटी लॅपटॉपवर उघडतच नाहीत, बाकी नेट नीट चालत असूनही. भावाच्या संगणकावरून डिक्रिप्टर आणून चालवलं. ऑनलाइन आयडी आहे, उघडणं शक्य नाही असं सांगून थांबलं. म्हणजे संपलं का सगळं?

दुसऱ्या सदस्याचा प्रतिसाद

साइटी उघडत नाहीत कारण हे रॅन्समवेअर विंडोजच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये सुरक्षा कंपन्यांच्या साइटी अडवून ठेवतं. त्याहून तातडीचं म्हणजे याच्यासोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही बऱ्याचदा येतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले असं धरूनच चाला. आत्ता फोनवरून ईमेल, बँक, फेसबुक सगळ्यांचे पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. लॅपटॉपवरून बदललेत तर नवे पासवर्डही त्यांच्याच हाती जातील.

विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारी सोय) 'टाइम ट्रिगर टास्क' नावाचं काही दिसेल. ते दर काही मिनिटांनी कुलूप लावण्याचं काम पुन्हा सुरू करतं. म्हणून आधी अँटीव्हायरसने साफसफाई, मगच दुसरं काही. साफ केल्याशिवाय पेनड्राइव्ह लावाल तर तोही जाईल. आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवा. फाइली त्याने परत येणार नाहीत, पण उद्या बँक खात्यात काही गडबड झाली तर नोंद कामी येईल.

तिसऱ्या सदस्याचा प्रतिसाद

ताई, मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो. तुमचं रेकॉर्डिंग एमपी३ आहे की वेव्ह?

धागाकर्ती

वेव्ह. एकेक फाइल ३०-४० एमबीची आहे.

तिसऱ्या सदस्याचा प्रतिसाद

मग धीर सोडू नका. हे रॅन्समवेअर घाईत असतं. अख्खी फाइल न बदलता फक्त सुरुवातीचे सुमारे १५० केबी बदलतं. छोटी वर्ड फाइल त्यात पूर्ण जाते. जेपीजी फोटो उघडायला लागणारी माहिती सुरुवातीलाच असते, म्हणून तो उघडत नाही. वेव्हमध्ये मात्र आवाज नुसता एकापुढे एक मांडलेला असतो. साध्या स्टिरिओ रेकॉर्डिंगचा एक सेकंद म्हणजे सुमारे १७६ केबी. म्हणजे तुमचा प्रत्येक ओवीमागे एक सेकंदसुद्धा गेलेला नाही!

बिघडलेल्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी बाजूला ठेवा, प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाइल नेहमीसारखी उघडू नका, 'इम्पोर्ट' मध्ये जाऊन 'रॉ डेटा' निवडा. तिथे हे पर्याय निवडा: १६ बिट साइन्ड, लिटल एंडियन, स्टिरिओ, ४४१०० हर्ट्झ. सुरुवातीला जोरात खरखर येईल, हेडफोनचा आवाज कमी ठेवा. ती खरखर कापा आणि नव्या नावाने सेव्ह करा. आवाज घोगरा आणि संथ वाटला तर रेकॉर्डर ४८००० वर असेल, आकडा बदलून बघा. सगळाच नुसता खरखराट आला तर सुरुवातीची जागा एक-एक बाइट सरकवा.

धागाकर्ती

आली. आजी आली.

काल रात्री भावाच्या संगणकावर बसलो. ४४१०० ला आवाज जरा जाड आणि संथ येत होता, ४८००० केलं आणि तिचा आवाज जसाच्या तसा. आई स्वयंपाकघरातून हात न पुसता धावत आली. भाचा शेजारीच होता, खरखर कापायचं काम त्यानेच मागून घेतलं. रात्री दीडपर्यंत ४१ पैकी ३८ झाल्या. तीन फाइलींत नुसता खरखराट आहे, त्यांचं बाइट सरकवण्याचं आज करून बघतो, अडलो तर इथेच विचारेन.

आजी आधी जातं फिरवायची, दोन-तीन फेरे झाले की मग सूर लावायची. त्यामुळे गेला तो पाऊणएक सेकंद जात्याच्या घरघरीतला आहे. तिचा शब्द एकही गेलेला नाही.

ओव्यांचे अर्थ तिला विचारून टिपलेली वर्डची फाइल मात्र गेली, ती अवघी ६० केबीची होती. आई म्हणते, आठवतंय तोवर मला विचार आणि वहीत लिही. आज दुपारी बसतोय. दोन नव्या हार्ड डिस्क आणल्यात, एक मावशीकडे ठेवणार आहे.