कोविडच्या आड ब्रेक्झिट, ब्रेक्झिटच्या आड कोविड

मेडवेकरीण

ब्रिटनच्या कोविड चौकशी आयोगाचा दुसरा अहवाल (नोव्हेंबर २०२५) वाचून काढला. म्हणजे सारांश वाचला, अख्ख्यासाठी रजा टाकावी लागेल. आयोगाच्या अध्यक्ष बॅरोनेस हॅलेट यांच्या निष्कर्षाचं सार असं, की सरकारने केलं ते फारच थोडं आणि तेही फारच उशिरा. २३ मार्च २०२० ऐवजी आठवडाभर आधी लॉकडाउन लावलं असतं तर पहिल्या लाटेत एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २३,००० मृत्यू कमी झाले असते, असा अंदाजही दिलाय. इथल्या आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर यावर दोन दिवस वाजलं आणि ‘जाऊ दे ना, जुनं कशाला उकरायचं’ वर मिटलं. माझं मिटलं नाही, म्हणून हा धागा.

तेव्हाच्या हुजूर सरकारवर एकदम दोन संकटं कोसळली, असं लोक हळहळून सांगतात. मला वाटतं, त्यांना लपायला दोन पडदे मिळाले. तारखेपासूनच बघा. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटनमधले पहिले दोन रुग्ण जाहीर झाले आणि त्याच रात्री अकरा वाजता देश युरोपीय संघातून बाहेर पडला. आमच्या गल्लीत फटाके वाजले, रुग्णांची बातमी कुणाच्या खिजगणतीत नव्हती. त्याआधीही साथीच्या तयारीची कामं बाजूला पडली होती, कारण माणसं ‘करार न होता बाहेर पडलो तर काय’ याच्या आराखड्यात जुंपलेली. हे आयोगाच्या पहिल्या अहवालात (जुलै २०२४) आलंय. आणि नंतर ब्रेक्झिटचा हिशेब मागितला की उत्तर ठरलेलं: ‘अहो, मध्ये कोविड आला ना.’

आता घरचं. ह्यांचे काका एप्रिल २०२० मध्ये गेले. हॉस्पिटलात भेटू दिलं नाही, ते एक वेळ समजू शकते. अंत्यविधीला दहाच माणसं, खुर्च्या दोन-दोन मीटरवर. काकू पहिल्या खुर्चीत, त्यांचा मुलगा पलीकडच्या. मधल्या रिकाम्या जागेत काकूंनी पर्स ठेवली होती आणि पूर्ण वेळ त्या पर्सवर हात ठेवून बसल्या होत्या. गुरुजी नागपूरहून फोनवर मंत्र सांगत होते, रेंज जात होती. आम्ही कुणीही नियम मोडला नाही.

२० मे ला पंतप्रधानांच्या घराच्या बागेत ‘आपापली दारू घेऊन या’ म्हणून शंभरावर लोकांना ईमेल गेलं होतं. त्या दिवशी आम्हाला बाहेर, मोकळ्यावर, दुसऱ्या घरातल्या फक्त एका माणसाला भेटायची परवानगी होती. एका!

---

लेस्टरचा_लक्ष्या

मेडवेकरीणताई, काकांचं वाचून वाईट वाटलं. पार्ट्यांचं समर्थन मीही करणार नाही. पोलिसांनी ८३ जणांना मिळून १२६ दंड ठोठावले, पंतप्रधान जॉन्सन आणि अर्थमंत्री दोघांनाही. जॉन्सन गेले ते योग्यच.

पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची मोळी बांधताय. मी २०१६ ला ‘बाहेर पडा’ला मत दिलं होतं. हो, भारतीय पासपोर्टवर. राष्ट्रकुलातले म्हणून आपल्याला मत होतं, माझ्या पोलिश शेजाऱ्याला नव्हतं. (तो अजून टोमणे मारतो.) कारण साधं होतं. त्याच्या बायकोला यायला एक विमानाचं तिकीट पुरलं. माझ्या बायकोला आणायला मला वर्षाला १८,६०० पौंड पगार दाखवावा लागला, बँकेची सहा महिन्यांची स्टेटमेंटं, लग्नाचे फोटो आणि वर एका अधिकाऱ्याची मर्जी. सगळ्यांना एकच नियम हवा होता मला. यात वंशद्वेष कुठे आला आणि कोविड कुठे आला?

आणि मृत्यूचं म्हणाल तर इटली आणि स्पेन काय संघाबाहेर होते? बल्गेरियात तर आपल्यापेक्षा वाईट अवस्था झाली.

---

बार्नार्ड_कासलचा_चष्मा

डोळे नीट चालतात का बघायला मुद्दाम तीस मैल गाडी हाकून आलोय. धागा स्पष्ट दिसतोय. वाचत राहीन.

---

हडपसर_गाडीतळ

मी तिकडे राहत नाही, पण लसीवर बोलायचा आम्हा हडपसरकरांचा हक्क आहे. लक्ष्याभाऊंनी आपला सगळ्यात मोठा पत्ता टाकलाच नाही, तर मीच टाकतो. ८ डिसेंबर २०२० ला कॉव्हेंट्रीत जगातली पहिली मान्यताप्राप्त फायझर लस टोचली गेली. मार्च २०२१ अखेर ब्रिटनमध्ये तीन कोटींवर लोकांना पहिला डोस मिळालेला, तेव्हा युरोपीय संघ कंपन्यांशी भांडत बसला होता. २९ जानेवारीला तर संघाने लस बाहेर जाऊ नये म्हणून आयर्लंडच्या सीमेवर बाहेर पडण्याच्या करारातलं, एकतर्फी आडकाठीची मुभा देणारं कलम १६ उगारलं आणि काही तासांत मागे घेतलं. हे ब्रेक्झिटचं यश नाही का?

(त्या डोसांमधले ५० लाख आमच्या सीरमचे. कुठे बोलू नका.)

---

मेडवेकरीण

@हडपसर, लसीच्या बाबतीत सरकारचं कौतुक करायला मी तयार आहे. सरकारच्या लस-दलाच्या प्रमुख केट बिंगहॅम यांच्या चमूने वेळेवर आणि भरपूर ऑर्डरी दिल्या, त्याला तोड नाही. पण ब्रेक्झिट? मान्यता दिली ती २ डिसेंबरला. तेव्हा बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ चालू होता, संघाचेच कायदे लागू होते. तातडीच्या मंजुरीची सोय त्या कायद्यांत आधीपासून होती, बाकीच्या देशांनाही वापरता आली असती.

आणि सीरमचं कसं बोलू नका? मीच बोलते. माझ्या आईबाबांनी पुण्यात कोविशील्डचे दोन्ही डोस घेतले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांची तिकिटं होती. ब्रिटनने सांगितलं, तुमचं लसीकरण आम्ही धरत नाही, दहा दिवस कोंडून घ्या. कारखाना तोच, बाटलीत तेच, इथल्या लोकांच्या दंडात गेलं तर लस, आणि माझ्या आईच्या दंडात गेलं तर काय, गुळाचं पाणी? भारताने उलट दहा दिवसांचं विलगीकरण लावल्यावर ११ ऑक्टोबरपासून गाडी रुळावर आली.

---

डॉ_घुबड

रात्रपाळी करून आलोय, थोडक्यात लिहितो.

हडपसरकर पूर्ण चूक नाहीत. संघातल्या देशांना वेगळी वाट कायद्याने मोकळी होती, पण लशींच्या मोठ्या खरेदीत सगळे बांधलेले राहिले. ब्रिटन आत असता तर एकट्याने जायचं राजकीय धाडस झालं असतं का, शंका आहे. एवढं श्रेय द्या आणि पुढे चला.

माझा राग वेगळाच आहे. दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात उभे राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवायचे. शेजारची आजी पातेलं बडवायची, तिचं प्रेम खरं होतं. पण त्याच आठवड्यांत आमच्या वॉर्डात गाऊन संपले होते. काही दिवस आम्ही प्लास्टिकचे ॲप्रन लावून काम केलं, ते पाव कापणाऱ्या दुकानदाराला शोभतील असे. त्याच वेळी साहित्यखरेदीसाठी खासदार-मंत्र्यांच्या ओळखीतल्या कंपन्यांना वेगळी ‘व्हीआयपी’ रांग होती. ती बेकायदा होती, असं उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं. वृद्धाश्रमांत तपासणी न करता रुग्ण पाठवणंही बेकायदा ठरलं, एप्रिल २०२२. दोन्ही निकाल आले तोवर आम्ही सगळे थकून गेलो होतो, कुणी मान वर करूनही बघितलं नाही.

आणि ब्रेक्झिटवाल्यांनी प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेले, संघाला न देता आरोग्यसेवेला द्यायचे आठवड्याचे ३५ कोटी पौंड? आमच्या वॉर्डात अजून यायचेत.

---

लेस्टरचा_लक्ष्या

डॉक्टर, बसचा आकडा फेकाफेकी होती, मान्य. पण मी बस वाचून मत दिलं नव्हतं. आणि सरकारने काहीच केलं नाही असं चित्र रंगवू नका. घरी बसलेल्यांच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत सरकारने भरले. माझं घर त्यावर चाललं. लेस्टर तर जून २०२० अखेर पुन्हा बंद झालं, बाकी देश पबमध्ये गेला तरी आम्ही घरात.

---

मालवाहू_मामा

मी ट्रान्सपोर्टमधला, ॲशफर्डला गाड्या कुठे कधी जायच्या ते बघतो. पुस्तकी बोलता येत नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

२० डिसेंबर २०२०, रविवार. केंटमध्ये नवा विषाणू म्हणून फ्रान्सने रात्री बॉर्डर बंद केली. ब्रेक्झिटनंतरचा व्यापार-करार तेव्हा झालेला नव्हता, तो झाला २४ ला. आपल्या चार गाड्या अडकल्या. एम-ट्वेंटी हायवेवर रांग, मग मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर हजारो ट्रक लावले. ना धड संडास, ना जेवण. एक रुमानियन ड्रायव्हर मला फोनवर विचारतो, “बॉस, हे कोविड आहे का ब्रेक्झिट?” मी काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं. वरच्या साहेबाला विचारलं तर तो म्हणतो, जे विमा भरून देईल ते लिही!

जेवण कुणी दिलं माहितीये? ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वाऱ्यातनं छोले आणि पास्ता आला. सरदारजींनी गाड्या भरून आणला. सरकार ख्रिसमसच्या सुट्टीला निघालं होतं.

नंतर सप्टेंबर २१ ला पेट्रोलच्या रांगा. तेव्हा पण हीच बोंब. एक म्हणे लॉकडाउनमध्ये लायसनच्या परीक्षाच झाल्या नाहीत, दुसरा म्हणे युरोपातले ड्रायव्हर परत गेले. दोन्ही खरं आहे भावांनो. ड्रायव्हर पोलंडला पण कमी होते, जर्मनीत पण. पण पंपावर मारामाऱ्या आणि टँकरवर मिलिटरी, हे फक्त इथं. मग सरकारने तात्पुरते ५,००० व्हिसा काढले. आमच्या रुमानियन ड्रायव्हरला फोन केला, ये म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, ख्रिसमसपुरतं नोकरीला कुणी येतं का?

---

हडपसर_गाडीतळ

मामांचा प्रतिसाद जबरदस्त. ‘जे विमा भरून देईल ते लिही’ हे तर धाग्याचं शीर्षक पाहिजे होतं.

---

बार्नार्ड_कासलचा_चष्मा

माझ्या नावाचा अर्थ दोघांनी व्यनिमधून विचारला म्हणून सांगतो. पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज लॉकडाउनमध्ये बायको-मुलाला घेऊन लंडनहून डरहॅमला गेले, आणि तिथून बार्नार्ड कासल गावी. का, तर नजर गाडी चालवण्याइतकी ठीक आहे का ते तपासायला. हे त्यांनी २५ मे २०२० ला बागेत टेबल मांडून, शर्टाच्या बाह्या सावरत, देशाला गंभीरपणे सांगितलं. माझी आई सांगलीत टीव्हीवर बघत होती. म्हणाली, “आमच्याकडचे निदान खोटं बोलताना जरा डोकं तरी लावतात.”

बाय द वे, हेच गृहस्थ ब्रेक्झिटच्या प्रचाराचेही सूत्रधार. तेव्हा लक्ष्याशेठ, मोळी ताईंनी बांधलेली नाही, आयतीच बांधलेली आली.

---

लेस्टरचा_लक्ष्या

माणसं तीच होती म्हणून निर्णय एकच ठरत नाही. लोकशाहीत ५१.९ टक्के लोकांनी एक गोष्ट मागितली. ती राबवणाऱ्यांनी माती केली तर शिव्या राबवणाऱ्यांना द्या. मतदाराला मूर्ख ठरवायचं हे काही पटत नाही, आणि गेली दहा वर्षं मी तेच ऐकतोय. आपल्याच लोकांकडून जास्त.

---

मेडवेकरीण

लक्ष्यादादा, मूर्ख कुणी म्हटलं? तुमचा राग मला पटतो. पण तुम्ही मागितलेलं तुम्हाला मिळालं का, एवढं सांगा. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार २०२० ला वर्षाला ४०० पौंड होता, ऑक्टोबरमध्ये ६२४ झाला, फेब्रुवारी २०२४ ला १,०३५. बायकोला आणायची पगाराची अट १८,६०० वरून २९,००० वर गेली. नियम सगळ्यांना एकच झाला खरा. पोलिश शेजाऱ्यालाही आता तुमच्याइतकाच त्रास.

---

डॉ_घुबड

:) हे लागलं असणार.

---

लेस्टरचा_लक्ष्या

लागलं. माझ्या धाकट्या भावाची फाइल त्याच २९,००० वर अडकलीये, ताई. तरी सांगतो, आज पुन्हा मत घेतलं तर मी तिथेच शिक्का मारीन. आत असताना निदान कुणाला शिव्या द्यायच्या ते कळत नव्हतं, ब्रुसेल्स की लंडन. आता पत्ता एकच आहे, आणि जुलै २०२४ मध्ये त्या पत्त्यावर आम्ही नोटीस चिकटवली ना? हुजूर पक्षाला १२१ जागा! असो. काकूंना माझा नमस्कार सांगा.

---

मेडवेकरीण

सांगते. आणि एक राहिलंच. २०१६ ला काकूंनीही तुमच्यासारखंच मत दिलं होतं, काकांनी उलट. निकालानंतर घरात आठवडाभर अबोला होता, चहासुद्धा वेगवेगळा. शेवटी साखर संपली म्हणून बोलले.